तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटात का राबता?

मुक्त सॉफ्टवेअरचं काम करतो म्हटलं की नातेवाईक असोत की ऑफिसातले मित्र, प्रश्न ठरलेला: "पगार नाही, काही नाही, मग रात्री जागून फुकटात का राबता?"

खरं तर सगळेच फुकटात राबत नाहीत. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, बहुतेक काम कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हाही मुद्दा पैशांचा नव्हता. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, वाचता यावा, बदलता यावा, पुढे देता यावा, यासाठी ती धडपड होती.

मी मात्र बिनपगारीच. आणि त्यात पडलो एका अक्षरापायी.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहितात. एक, खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून. दुसरी, साध्या र चा पाय मोडून पुढे झीडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मी वापरायचो त्या प्रोग्रॅममध्ये 'दऱ्या' शोधल्या की काही सापडायच्या, काही नाही.

वैतागून मी तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना कळवलं, 'मराठी शोध चालत नाही.' उलट मलाच प्रश्न: कुठला शब्द, कुठली आवृत्ती, प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणकात त्या अक्षराला ठरवून दिलेला आकडा) काय? राग आला. क्रमांक काढायला बसलो (ऱ चा ०९३१, र चा ०९३०) तेव्हा कुठे उमगलं की नेमकं काय बिघडलंय हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग दुरुस्ती लिहून पाठवली. ती तीनदा परत आली. पहिल्यांदा सोबत टेस्ट (दुरुस्ती चालते का हे आपोआप तपासणारा कोड) नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा एका मल्याळी माणसानं अडवलं. मी शोधताना झीडब्ल्यूजे सरसकट गाळत होतो, आणि जुन्या मल्याळम मजकुरात त्याच चिन्हामुळे काही अक्षरं वेगळी ठरतात. माझी मराठी सुधारताना त्याची भाषा मोडत होती! तिसऱ्यांदा कोडमध्ये चूक नव्हती, पण बदल का केला हे माझ्या दोन ओळींवरून कळत नव्हतं. इतक्या बारकाईनं माझं काम नोकरीत कधीच कुणी वाचलं नव्हतं. त्या वाचण्यासाठी मी जागतो.

शेवटी दुरुस्ती घेणाऱ्या बाईंना मराठीचं एक अक्षर येत नाही. तरी त्यांनी टेस्टच्या फायलीत 'दर्या' आणि दोन्ही तऱ्हांनी लिहिलेल्या 'दऱ्या' एकाखाली एक ठेवून घेतल्या. आता जगात कुणीही त्या भागाला हात लावला, की आधी हे तीन शब्द तपासले जातात.