सीलचा श्वास

जून लागला की मी अजूनही रोज सकाळी मोबाइलवर हवेचा दाब बघतो. नातीला वाटतं, आजोबा पावसाची वाट बघतात. माझ्या डोळ्यासमोर असतं खाणीतलं सील, म्हणजे तापलेला भाग हवेपासून तोडायला बांधलेली भिंत. दाब उतरला की सील आतला वायू बाहेर सोडतं, चढला की बाहेरची हवा आत ओढतं. घुग्घुसच्या बाजूला एका भूमिगत कोळसा खाणीत मी आधी माइनिंग सरदार, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, आणि मग त्याच्या वरचा ओव्हरमन होतो. त्यातली बरीच वर्षं वेंटिलेशनच्या कामात गेली.

आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा लवकर तापणारा. वर ढीग घालून विसरलात, तर काडी न लावता धुमसायला लागतो. खाली गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून छत पाडलेल्या जागेत, हेच होतं. तिथे चुरा राहून जातो. हवा झिरपते, पण उष्णता वाहून नेण्याइतकी नसते. धनबादच्या खाण संशोधन संस्थेत, जी १९५६ मध्ये सुरू झाली, कोळशाचा नमुना नळीत घालून हळूहळू तापवतात. ज्या तापमानाला कोळसा बाहेरच्या उष्णतेला गाठून पुढे जातो, ते मोजतात. १२० ते १४० अंश सेल्सिअस आलं, तर तो कोळसा फार जपून हाताळायचा.

मला मात्र हे सगळं आधी एका वयस्कर सरदारांच्या नाकाने शिकवलं. ते मूळचे बलियाचे. दुसऱ्या पाळीला गोफच्या कडेला उभे राहून म्हणाले, "बाबू, बास आ रहा है." मला काहीच आलं नव्हतं. मग त्यांनी लोखंडी गर्डरवर बोट फिरवून दाखवलं: घाम आल्यासारखे थेंब. दिव्याच्या झोतात हलकं धुकं. रॉकेलसारखा वास मला दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा पहिला नमुना वर प्रयोगशाळेत पोचलेलाही होता.

नमुन्यावरून ग्रॅहमचं गुणोत्तर काढतात. कोळशाने जेवढा ऑक्सिजन खाल्ला, त्याच्या किती टक्के कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, एवढंच. ताजी हवा मिसळून नमुना पातळ झाला तरी हा आकडा फारसा बदलत नाही, म्हणून माझा त्याच्यावर जीव. ०.५ च्या आत असेल तर ठीक, १ म्हणजे आत नक्की तापतंय, ३ म्हणजे आग. आमचा आकडा ०.९ होता, मग १.३ झाला. पॅनेल, म्हणजे खाणीचा तो भाग, अजून आठवडाभर चालवता येईल का, अशी वरून विचारणा आली. मॅनेजरसाहेबांनी ऐकलं नाही आणि सील करायचं ठरवलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

सील करणं म्हणजे भिंत बांधली आणि सुटलो, असं नाही. सर्वांत वाईट वेळ त्यानंतरच येते. बंद जागेत ऑक्सिजन उतरत जातो आणि मिथेन चढत जातो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या मधे असेल आणि आग जिवंत असेल, तर स्फोट होतो. ऑक्सिजन साधारण १२ टक्क्यांच्या खाली गेला की मगच ती भीती संपते. आमच्याकडे मिथेन कमीच, तरीही शेवटची झडप बंद करून सगळी माणसं वर काढली. त्या रात्री घरी कोणीच नीट जेवलं नाही.

२५ जानेवारी १९९४ ला पश्चिम बंगालमधल्या न्यू केंदा खाणीत ५५ माणसं गेली. आग होती, पण माणसं मारली विषारी वायूने. पुढे प्रशिक्षणात हे ऐकताना मला गर्डरवरचे ते थेंब आठवायचे.

ज्वाळ विझली तरी कोळसा २-३ टक्के ऑक्सिजनवरही धुमसत राहतो, म्हणून सील उघडायची घाई करायची नसते. उघडलं की आलेल्या हवेवर तो पुन्हा पेट घेतो. आमचं ७ नंबरचं सील कधीच उघडलं नाही. पितळी कॉक, दाब दाखवणारी पाण्याची वाकडी नळी, भिंतीवर खडूने तारीख. निवृत्तीच्या दिवशीही मी तिथे गेलो. ऑक्सिजन २ टक्क्यांच्या खाली, कार्बन मोनॉक्साइड नाही. वहीत लिहिलं, सही केली आणि वही पुढच्या पाळीच्या सरदाराच्या हातात दिली. तो तरुण होता. त्याने आधी नाक वर करून हवा हुंगली आणि मग सही केली.