आमची वाटचाल : आधी मोजायचं, मग बदलायचं

नाशिकच्या अंबडला दोन रॅम्पवर आमचं गॅरेज सुरू झालं, तेव्हा सर्व्हिसिंग म्हणजे किलोमीटर बघून यादीतले पार्ट बदलणं. आज गाडी आली की आधी चार मापं घेतो : ब्रेक पॅडची जाडी, टायरच्या नक्षीची खोली, बॅटरीचं व्होल्टेज आणि ब्रेक ऑइलमधलं पाणी. ती कार्डावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, खर्चाचं बोलणं त्यानंतर. गिऱ्हाइकांचे सगळ्यांत जास्त पैसे या कार्डानं वाचवले आहेत.

नाशिकच्या गाड्यांचे ब्रेक कसारा घाट खातो. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलवर घाट उतरू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड आणि डिस्क तापतात आणि पेट्रोलही वाचत नाही, कारण गिअरमध्ये पाय उचलला की आजच्या इंजिनाचं इंधन जवळपास बंदच होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं. जुनं ऑइल लवकर उकळतं, वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, ओल ३ टक्क्यांवर दिसली तर त्याआधीच. उतारावर दुसरा-तिसरा गिअर.

पॅडचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलतो. एकाच चाकाचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा चांगला असेल, तर नवा सेट टाकून भागत नाही. कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन अडकलेली असते. रबर फाटतं, पावसाचं पाणी आत जातं, पिनेला तांबेरा चढतो. पिन काढायची, गंज पुसायचा, रबर बदलायचं आणि सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. हे अर्ध्या तासाचं काम टाळलं, तर पुढच्या खेपेला डिस्कही जाते.

द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या शिवाररस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वेळेआधी भरतो. तो फेकायची घाई नको. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. मग आत बल्ब धरायचा. कागदातून सगळीकडे सारखा उजेड आला तर फिल्टर चालेल, एक जरी टाचणीएवढं भोक चमकलं तर फिल्टर बाद. तिथून गेलेली धूळ थेट पिस्टन घासते.

कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलेल्या गाड्या अजून येतात, फार वाईट वाटतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, इंजिन तापतं, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) उडतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घ्या, किंवा तयार मिसळलेलं भरा.

इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. महाग ग्रेडनं आयुष्य वाढत नाही. मात्र चेंबर नटाचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमधून जुनं ऑइल काढायच्या नटाचा, वॉशर दर वेळी नवा लावतो. जुना लावला की थेंब गळतो, कुणीतरी नट आणखी आवळतं, आटे जातात आणि काही रुपयांच्या वॉशरपायी पूर्ण चेंबर बदलावा लागतो.

१ एप्रिल २०२०पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेलच्या कामात आम्हाला नव्यानं शिकावं लागलं. या गाड्यांच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते आणि ती जळायला लांबची, गरम धाव लागते. रोज फक्त शहरातल्या शहरात सिडको ते शालिमार केलं तर ती साफसफाई मध्येच तुटते, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि पट्टीवरची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणजे बरं, असं समजू नका. ते ऑइल पातळ झालेलं असतं, लगेच बदला. आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात गाडी चालवा. इंजिन ऑइलही जळल्यावर कमी राख सोडणारंच हवं. शहरातल्या शहरात फिरायचं असेल, तर आम्ही पेट्रोल गाडीच घ्यायला सांगतो.

बॅटरी विकण्याआधी इंजिन चालू ठेवून व्होल्टेज बघतो. १३.८ ते १४.४ आलं नाही, तर आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासायचा. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या स्टिकरवर लिहिल्याएवढी.

बदललेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवतो. नको असेल तर गाडी ताब्यात घेताना सांगायचं.