बांडगुळासाठी करवत, जपानच्या मिकी गावातून

नोव्हेंबरात भात घरात आलं, कलमांना मोहोर फुटायला अजून अवकाश होता, तेवढ्यात तीन आठवडे लेकीकडे कोबेला जाऊन आले. जपानहून काय आणलंस, असं जो तो विचारतो. मी करवत आणली. झाडाच्या फांद्या कापायची, मुठीसकट हातभर लांब, वाकड्या पात्याची करवत. सोबत दोन जादा पाती.

आंब्याची बाग असलेल्यांना यामागचं कारण लगेच कळेल. आमच्या कलमांना बांडगुळाचा फार त्रास आहे. पाखरं त्याची फळं खातात, चिकट बी फांदीला पुसतात आणि ते तिथेच रुजतं. वरून हिरवंगार दिसतं, पण त्याची मुळं फांदीच्या लाकडात शिरून अन्नपाणी ओढत असतात, आणि पुढची फांदी वाळत जाते. नुसतं ओरबाडून काढलं तर वर्षभरात पुन्हा फुटतं. ते जिथे चिकटलंय त्याच्याखाली वीतभर अंतर सोडून फांदीच उतरवावी लागते. हे काम आम्ही इतकी वर्षं कोयतीने करत आलो. मनगटाएवढ्या फांदीला दहा घाव, तेही झाडावर एका हाताने तोल सांभाळत. शेवटच्या घावाला फांदी चिरफाळत मोडते आणि खालची साल हातभर सोलून निघते. ती जखम भरायला दोन-दोन वर्षं जातात, आणि तोवर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आत शिरली तर झाडच हातचं जातं. बाजारातून दोनदा करवतीही आणून पाहिल्या. ओल्या लाकडात त्या निम्म्यावर अडकून बसायच्या.

तेव्हा कोबेला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात लेकीने मला शिन-कोबे स्टेशनाजवळच्या ताकेनाका हत्यार संग्रहालयात नेलं, ते तिला माझी नड ठाऊक होती म्हणूनच. १९८४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय फक्त सुतारांच्या हत्यारांचं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडे एक पाहणी झाली होती, की घर बांधणाऱ्या सुताराला चांगलं काम करायला किती हत्यारं लागतात. उत्तर आलं १७९. ती सगळी ओळीने मांडलेली आहेत. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटं. आपल्या सुताराच्या पेटीतली बहुतेक हत्यारं मला तिथे भेटली. जुन्या चित्रांतले सुतार जमिनीवर बसून काम करताना दिसले, अगदी आमच्या गावच्या सुतारासारखे. ओंडक्याच्या फळ्या पाडायची एक करवत तर दाराच्या फळीएवढी रुंद होती, आणि ती एकटा माणूस चालवायचा.

पण मला हवी ती गोष्ट निराळीच होती. तिथले रंधे आणि करवती ढकलून नाही, ओढून चालवतात. पातं पुढे ढकलायचं म्हटलं की ते वाकू नये म्हणून जाड करावं लागतं. जाड पातं म्हणजे काप रुंद, काप रुंद म्हणजे भुसा जास्त आणि मेहनतही जास्त. ओढताना पातं दोरीसारखं ताणलं जातं, वाकायचा प्रश्नच येत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं. झाडावर बसलेल्या माणसाला तर याचा दुप्पट फायदा. एका हाताने फांदी धरलेली असताना ढकलायला जोर मिळत नाही, पण ओढताना अंगाचं वजनच कामाला येतं. मी त्या कपाटासमोर उभी राहून हाताने ओढून पाहत होते. लेक म्हणाली, "आई, विकत घ्यायची तर मिकीला जाऊ या."

मिकी कोबेच्या डोंगरापलीकडे आहे. शिंतेत्सू रेल्वेची छोटी गाडी चढ चढत, बोगद्यांतून, घरांच्या परसांना लगटून जाते. डब्यात शाळेची पोरं आणि म्हाताऱ्या बायका. डोंगर लाल-पिवळे झालेले. चढ संपला की भाताची कापलेली खाचरं दिसायला लागतात आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

या गावात हत्यारं का बनतात, त्यामागे एक जुनी लढाई आहे. १५७८ ते १५८० या काळात हिदेयोशी नावाच्या सरदाराने मिकीच्या किल्ल्याला वेढा घालून आतल्या लोकांची रसद तोडली. माणसं उपासमारीने मेली, गाव बेचिराख झालं. नंतर त्यानेच गाव पुन्हा वसवायला करमाफी दिली. बांधकामासाठी सुतार आले, सुतारांच्या पाठोपाठ लोहार आले आणि इथेच राहिले. करवत, पटाशी, रंधा, गवंड्याची थापी आणि लहान चाकू ही मिकीची पाच हत्यारं. १९९६ साली जपान सरकारने त्यांना पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. गावात हत्यारांचं एक देऊळसुद्धा आहे. तिथे मी हात जोडले. दसऱ्याला आपण कोयती-कुदळ पुजतो, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

दुकान जुनं, लाकडी. आत तेलाचा आणि लोखंडाचा वास. गल्ल्यावर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा. लेकीने बोलायला सुरुवात केली तर त्यांनी तिला थांबवलं आणि माझे हात पाहिले. मग प्रश्न सुरू झाले. झाड कुठलं? लाकूड कठीण की मऊ? ओलं कापणार की सुकं? फांदी केवढी? जमिनीवरून कापणार की झाडावर चढून? चीक येतो का? मी आंबा म्हटलं तर त्यांना लाकूड ठाऊक नव्हतं. लेकीने फोनवर आमच्या बागेतला फोटो दाखवला. त्यांनी बोटांनी तो मोठा केला आणि बांडगुळावर बोट ठेवून "यादोरिगी" म्हणाले. बांडगूळ त्यांच्याकडेही असतं. तिथून पुढे आमचं जमलं.

माझा जीव आधी एका हाताने घडवलेल्या करवतीवर गेला होता. पात्यावर ठोकल्याच्या खुणा, कारागिराची छाप, एकेक दात कानशीने घासलेला. किंमत बरीच होती, पण देईन म्हटलं. आजोबांनी ती काचेतून काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "याचे दात बोथट झाले की तुमच्याकडे कोण घासून देणार?"

मी गप्प झाले. आमच्याकडे पूर्वी पावसाळा संपला की एक माणूस यायचा, ओटीवर बसून गावभरच्या करवतींना तिकोनी कानशीने धार लावायचा, दात एक डावीकडे एक उजवीकडे असे वळवून द्यायचा. तो येईनासा होऊन खूप वर्षं झाली. आजोबा म्हणाले, जपानातही दात लावणारे कारागीर आता थोडेच उरलेत, आणि ही करवत त्यांच्याशिवाय नुसती शोभेची. त्यांनी स्वतःच ती परत काचेत ठेवली. महाग वस्तू विकायची संधी सोडून त्यांनी मला माझ्या कामाची वस्तू दाखवली, हे मी कधी विसरणार नाही.

मग त्यांनी पातं बदलता येईल अशी करवत काढली. तिचे दात जवळून पाहिले तर टोकांना काळसर-निळी झाक होती. फक्त दातांच्या टोकांना क्षणभर प्रचंड उष्णता देऊन ती कठीण करतात, बाकीचं पातं लवचीक राहतं. हे दात इतके कठीण की त्यांच्यावरून कानस घसरते. म्हणजे धार लावायची सोयच नाही, पण ती टिकते खूप, आणि गेली की पातं बदलायचं. पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं, म्हणून दात न वळवताही कापात अडकत नाही. ओल्या लाकडासाठी दात मोठे आणि विरळ. वाकडं पातं अशासाठी की डोक्यावरची फांदी ओढताना दात आपोआप लाकडात रुततात.

दुकानामागे त्यांनी एका ओल्या ओंडक्यावर मला कापायला लावलं. मी सवयीने पुढे जोर दिला. त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि हात सैल करवला. जाताना नुसतं सरकवायचं, येताना ओढायचं. चौथ्या ओढीला भुसा पायावर पडायला लागला, आणि काप बघितला तर रंधा मारल्यासारखा गुळगुळीत.

करवत साडेतीन हजार येनची, म्हणजे साधारण दोन हजार रुपये. पाती वेगळी. त्यांनी पात्याला चहाच्या कुळातल्या त्सुबाकी झाडाच्या बियांचं तेल पुसलं, पुठ्ठ्यात गुंडाळलं, वर दोरा बांधला. खोबरेल चालेल का, विचारलं. त्यांनी हसून होकाराची मान हलवली. कापून झालं की चीक आधी पुसा, तेल मग, एवढं मात्र दोनदा सांगितलं. विमानात ती अर्थात सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकली. हातातल्या पिशवीत असलं काही नेऊ देत नाहीत.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बागेत गेलो. आमच्या बागेची राखण करणारा गडी नेपाळचा आहे, गेली सात वर्षं आमच्याकडे. खुकरीवर वाढलेला माणूस, करवतीकडे त्याने जरा संशयानेच पाहिलं. विहिरीजवळच्या कलमावर चढला, पहिला जोर पुढे दिला आणि पातं थरथरलं. मी खालून ओरडले, "ढकलू नको रे, ओढ!"

आधी खालच्या बाजूने चिरा घ्यायला सांगितला, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. त्यामुळे फांदीचं वजन तुटून पडताना साल सोलली जात नाही. राहिलेला खुंट शेवटी बुंध्याजवळून वेगळा काढायचा. फांदी बांडगुळासकट खाली आली. खुंटही निघाला. त्याने कापावरून अंगठा फिरवला, मग वाकून मला म्हणाला, "वहिनी, बघा."

मी शिडीवर चढून पाहिलं. कडेची साल जागच्या जागी, सगळीकडून सारखी, एक चीरही नाही. बोर्डो पेस्टचा, म्हणजे जखमेला लावायच्या मोरचूद-चुन्याच्या लेपाचा, डबा वर दिला, त्याने ब्रशने काप माखला आणि खाली न उतरताच पुढच्या फांदीवर सरकला. संध्याकाळपर्यंत अकरा कलमं झाली. उतरल्यावर त्याने पातं आपल्या गमछाने पुसलं, माझ्याकडे खोबरेलाची बाटली मागितली आणि करवत पडवीत कोयतीच्या शेजारच्या खिळ्याला अडकवली.