शरणपूर ते बाळ येशू, पायी

नाताळच्या आदल्या रात्री आम्ही नाशिकच्या शरणपूरहून नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवळात चालत जातो. तिथली मोठी यात्रा फेब्रुवारीत, तेव्हा रस्ता माणसांनी फुलून जातो. मला मात्र ही डिसेंबरच्या थंडीतली, घरच्या-शेजारच्या चार माणसांची वाट जास्त प्रिय. यंदा शेजारच्या काकूही निघाल्या. काकू माळकरी, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाणाऱ्या. "तुमच्या बाळाचं दर्शन राहिलंय माझं," म्हणाल्या आणि मफलर गुंडाळून सगळ्यांच्या पुढे.

शरणपूरहून पाऊल उचललं की मला जेकब वेनराइट आठवतो. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलं इथल्या मिशनच्या शाळेत शिकत, त्यांतला तो एक. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा आफ्रिकेची भटकंती करणारा गोरा मिशनरी तिथेच वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. पुढे तो आणि त्याचे सोबती तो देह घेऊन कित्येक महिने समुद्राच्या दिशेने चालत राहिले. नाव साहेबाचं राहिलं. ज्यांच्या खांद्यांवर ओझं होतं, त्यांच्या बरोबरीने देव ती वाट चालला, अशी माझी श्रद्धा आहे.

सिव्हिलच्या गेटपाशी आमच्या मंडळीतली एक सिस्टर भेटली. नाइटला चालली होती, बाळंतिणींच्या वॉर्डात.

"सणाच्या रात्री गं?" काकूंनी विचारलं.

"बाळं सण बघून थोडीच येतात, काकू?"

तिची स्वतःची लेकरं सासूबाईंपाशी झोपलेली. सकाळी ड्यूटी सुटली की ती थेट उपासनेला येणार होती. डबा उघडून तिने आमच्या हातांवर करंज्या ठेवल्या. "आत दोघी अडल्यात, त्यांच्यासाठी प्रार्थना करा," म्हणाली आणि झपझप आत गेली. मरियेच्या वेळेला जवळ कोण होतं, पाणी कुणी तापवलं, हे शुभवर्तमानात कुठे सांगितलेलं नाही. त्या गेटपाशी उभं असताना मला पहिल्यांदाच ते जाणून घ्यावंसं वाटलं.

सारडा सर्कल, द्वारका. तिथे मालट्रकांची रांग आणि टायर खोलत बसलेला एक पोरगा. त्याने मान वर केली, "मेरी ख्रिसमस" म्हणाला आणि परत पान्याला भिडला.

गांधीनगरच्या आसपास निफाडहून मामेभावाचा फोन आला. यायचं कबूल केलेलं, पण पारा उतरला होता. द्राक्षात पाणी भरलेलं असताना थंडीचा कडाका पडला की मणी तडकतात आणि वर्षभराची मेहनत हातची जाते. म्हणून पहाटेच्या आत बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर धरून ठेवायचा, लाइट असेल तर मोटार चालू करून ओळींना पाणी द्यायचं. "दादा, माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव," एवढंच म्हणाला. मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता: वाऱ्याच्या बाजूची विझली बघा!

मला वाईट वाटलं. काकूंना अजिबात नाही.

"सावतोबा कुठे गेले होते पंढरीला? मळा सोडला नाही त्यांनी. देवच अरणला आला."

काकूंनी हे सहज सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे लूकने लिहिलेले मेंढपाळ आले. तेही रात्री कळप राखत रानातच होते. राजवाडा आणि मंदिर राहिलं बाजूला, जन्माची बातमी आधी त्यांना कळली. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट पुणे रोडवर, एका वारकरी बाईच्या तोंडून सावतोबांचं नाव आलं, तेव्हा माझ्या आत उतरली. देवाने आपल्या कामासाठी त्या रात्री किती जणांना जागं ठेवलं होतं!

उपनगर मागे पडलं, नेहरूनगर आलं. गव्हाणीपुढे मी भावाची मेणबत्ती लावली. मग त्या दोघी बाळंतिणी, सिस्टर आणि तिची लेकरं, टायरवाला पोरगा, सगळ्यांसाठी प्रार्थना केली. बहुतेकांची नावं मला ठाऊक नव्हती, तेव्हा कुणी काय काम करतं तेच देवाला सांगितलं. काकू हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या.

बाहेर आल्यावर चपला शोधताना म्हणाल्या, "पौषात त्र्यंबकला येशील ना रे माझ्याबरोबर?"

"येतो की, काकू."

"मग पहाटे चारला तयार राहा. आमची दिंडी कुणासाठी थांबत नाही."