मावशी म्हणाल्या, ह्यात मी कुठंय?

दादरला कवी केशवसुत पुलाखाली पहाटे पाचला उभं राहिलं की आधी वास येतो, मोगऱ्याचा, ओल्या गोणपाटाचा, कालच्या कुजक्या पाकळ्यांचा, सगळा एकदमच. ह्या फुलबाजारात मी सहा वर्षं 35 एमएमची एकच लेन्स घेऊन फिरतोय. झूम मुद्दाम नेत नाही, कारण माणूस मोठा दिसायला हवा असेल तर मग त्याच्या जवळच जावं लागतं, आणि जवळ गेलं की तो बघतो, विचारतो, कधी हाकलतो पण.

ह्या फोटोंचं एका छोट्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं ठरलं आणि निवडही मलाच करायची होती. दुसऱ्यांची प्रदर्शनं मी लावलीयेत, पण स्वतःच्या चार हजारांतून तीस काढणं फार जड गेलं. छोट्या प्रिंट्स काढून घरभर जमिनीवर पसरल्या, रोज रात्री मांडायच्या आणि परत मोडायच्या. दोन तास पावसात थांबून मिळालेला फोटो सोडवत नाही, पण बघणाऱ्याला तो पाऊस दिसतच नाही ना.

सगळं ब्लॅक अँड व्हाइट करायचा मोहही झाला, लगेच गंभीर वाटतं. पण झेंडू राखाडी करून काय दाखवणार? सीरियस फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच असं समजायचे त्या काळात रघुबीर सिंग ह्या फोटोग्राफरनं भारत रंगीत टिपला, पुढे मुंबईही, ते आठवलं आणि रंग ठेवले.

पहिल्या भिंतीसाठी एक फोटो पक्का होता. तिरपा उजेड, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, नुसती काळी आकृती. त्याची प्रिंट त्याच मावशींना द्यायला गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, म्हणाल्या, "ह्यात मी कुठंय? ही कोण पण असंल."

मला काही बोलताच येईना. मग मोबाइलमधला दुसरा दाखवला, त्या गजऱ्यासाठी सुईत दोरा ओवतायत, मागे फ्रेमच्या कडेला अर्धा कापलेला टेम्पो, म्हणूनच मी तो पहिल्याच फेरीत बाद केला होता. "हा दे. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली पण दिसतीय बघ."

घरी येऊन निवड पहिल्यापासून केली. अकरा काळ्या आकृत्या काढून टाकल्या, दोनच ठेवल्या, आणि पहिल्या भिंतीवर टेम्पोसकट मावशी. शक्य तितक्या माणसांना जाऊन विचारलं, फोटो लावू का, खाली काय लिहू. बऱ्याच जणांना नाव नको होतं, गावाचं नाव मात्र हवं होतं, मग तेच लिहिलं, गाव आणि ते बाजारात किती वाजता येऊन बसतात ती वेळ.

दसऱ्याच्या आदल्या रात्री परत जाणारे. तेव्हा झेंडूच्या ढिगांमधून चालायला जागा नसते, कॅमेरा काढता येईल की नाही माहीत नाही, पण पिशवीत बावीस प्रिंट्स आहेत, त्या आधी वाटायच्यात.