२३ अ‍ॅप उडवली आणि फरक पडला तो दोघांमुळे

मागच्या शनिवारी बसलो आणि फोनमध्ये कंपनीने आधीपासून कोंबलेली २३ अ‍ॅप उडवली. फोनला चार वर्षं झालीत, अडकत अडकत चालतो, संध्याकाळपर्यंत बॅटरी मान टाकते, आणि जो तो म्हणतो ब्लोटवेअर काढ, एकदम मक्खन चालेल.

यातली बरीचशी साधी अनइन्स्टॉल होतच नाहीत, फक्त डिसेबलचं बटण, काहींचं तर तेही दाबलं जात नाही. मग सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, यूएसबी डिबगिंग चालू केलं, केबल लावली आणि एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) एकेका अ‍ॅपचं पॅकेज काढत गेलो. खोटं कशाला बोलू, मजा येते राव, माळा आवरल्यासारखं वाटतं.

नंतर स्टोरेज बघितलं तर जेमतेम फरक! त्या कमांडमध्ये 'युझर ०' असतं ना, म्हणजे अ‍ॅप फक्त आपल्या युझरपुरतं निघतं, मूळ फाइल मात्र सिस्टिम पार्टिशनमध्ये (फोनच्या सिस्टिमसाठी राखलेल्या जागेत) तशीच पडून राहते. मोकळी होते ती फक्त अ‍ॅपच्या डेटाची जागा. फॅक्टरी रीसेट मारला की सगळी पलटण परत हजर. म्हणजे जागेपुरतं बोलायचं तर डिसेबल केलं काय आणि हे केलं काय, जवळपास सारखंच.

स्पीडचंही तेच. जे अ‍ॅप कधी उघडलंच नाही आणि मागे चालतही नाही ते प्रोसेसरचं काय खाणार? रॅम भरलेली दिसते म्हणून लोक घाबरतात पण अँड्रॉइड मुद्दाम अ‍ॅप रॅममध्ये ठेवतं आणि जागा लागली की स्वतःच हाकलतं. शिवाय अँड्रॉइड ६ पासून (२०१५) डोझ आहे, फोन नुसता पडून असला की मागची कामं थोपवून धरतं, आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून क्वचित वापरलेल्या अ‍ॅपला आणखी लगाम.

गोम अशी की कंपनीच्या काही अ‍ॅपना यातून सूट दिलेली असू शकते. माझ्या बॅटरी युसेजच्या यादीत अशी दोन सापडली, एक लॉक स्क्रीनवर सतत नवे फोटो आणणारं आणि दुसरं कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप स्टोअर, जे न विचारता अपडेट ओढत बसायचं आणि वर दिवसभर नोटिफिकेशन. ही दोन गेल्यावर रात्रीची बॅटरी खरंच कमी उतरायला लागली. उरलेली २१ त्या यादीत नव्हतीच, त्यांच्यावर उगाच शनिवार घालवला.

आणि जोशात एक भलतंच उडवलं. डॉक्युमेंट्स नावाचं काहीतरी, म्हटलं कोण वापरतं हे. सोमवारी मेलला पीडीएफ जोडायला गेलो तर अटॅचचं बटण दाबलं की काहीच उघडेना! फाइल निवडायची ती खिडकी म्हणजेच ते अ‍ॅप. नशीब मूळ फाइल सिस्टिममध्ये होती, 'इन्स्टॉल एक्झिस्टिंग'ची एक कमांड मारली आणि आलं परत. सिस्टिम यूआय वगैरे उडवलं असतं तर वरची पट्टी, लॉक स्क्रीन सगळंच गायब झालं असतं, तेव्हा पॅकेजचं नाव नीट शोधल्याशिवाय हात लावू नका, आधी डिसेबल करून चार दिवस बघा.

फोन अडकायचा त्याचं कारण वेगळंच निघालं, स्टोरेज काठोकाठ भरलेलं. व्हिडिओ कॉम्प्युटरवर हलवले तेव्हा कुठे कॅमेरा पटकन उघडायला लागला. बॅटरी मात्र चार वर्षांची आहे ती आहेच, ती बदलायला टाकतोय.