परत न आलेल्या प्रश्नावल्या

आज दिवसभर फोन. आमच्या अभ्यासात त्याच बायकांना वर्षानुवर्षं तब्येतीबद्दल विचारत राहतो; त्यातल्या ज्यांची प्रश्नावली यंदा परत आली नाही, त्यांना एकेक करून विचारत होते. कुणी घर बदललं, कुणाचं आडनाव बदललं, कुणाला आता बारीक अक्षर दिसत नाही. एका आजींच्या मुलीनं फोन उचलला. "आई गेली हो. पण तुमचं पाकीट आलं की आधी चष्मा शोधायची, मग एकही रकाना सोडायची नाही." मला पुढे बोलताच येईना.

अशा अभ्यासात गेलेल्या बाईच्या जागी दुसरी घेऊन भागत नाही. आणि बहुतेकदा आजारी, अडचणीतल्या बायकाच आधी गळतात, म्हणून निष्कर्ष खोटेच चांगले दिसू लागतात. अमेरिकेतला परिचारिकांचा अभ्यास १९७६ साली सुरू झाला, सुमारे १,२१,७०० जणी, दर दोन वर्षांनी प्रश्नावली. ऑस्ट्रेलियातला बायकांच्या आरोग्याचा असाच अभ्यास १९९६ पासून चालू आहे. तिशीतली सवय आणि साठीतला आजार यांचा धागा त्याच बाईला पुन्हा पुन्हा विचारूनच हाती लागतो.

आईनं भरलेली प्रत्येक नोंद यापुढेही अभ्यासात राहणार आहे, हे त्या मुलीला सांगायचं राहिलं. उद्या सकाळी पहिला फोन तिलाच.